कोयत्याची धार : घरगुती लोहकामात हत्यारे की यंत्रे?

दसरा उलटला की बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातील गावे हळूहळू रिकामी होऊ लागतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज अशा तालुक्यांतील कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांची वाट धरतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, धान्याची पोती, कोपी उभारण्याचे सामान असते. या सामानात आकाराने लहान व किमतीने अल्प अशी एक वस्तू असते, तिच्यावर पुढील पाच-सहा महिन्यांची भाकरी अवलंबून असते. ती वस्तू म्हणजे कोयता. ऊसतोडीच्या व्यवसायात पती-पत्नीच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाची उचल आणि टोळीचा करार हे सारे कोयत्यांच्या संख्येवर ठरते. हत्याराच्या नावाने माणसे मोजली जावीत, असे दुसरे उदाहरण सहसा आढळत नाही.

निघण्यापूर्वी कोयत्याला धार लावणे हे ठरलेले काम. पूर्वी ते गावच्या लोहाराच्या भात्यापाशी होत असे, किंवा गावाबाहेर पाल ठोकून राहणाऱ्या घिसाड्याकडे. घिसाडी पुरुष सांडशीने तापलेले लोखंड ऐरणीवर धरी आणि त्याची कारभारीण घण मारी. हे दृश्य आजही अधूनमधून दिसते. अलीकडे मात्र बाजाराच्या गावी विजेवर चालणारे हातग्राइंडर आले, नंतर ते गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत आणि आता कित्येक शेतकऱ्यांच्या घरांतही पोहोचले. ज्या धारेला कानशीने पंधरा-वीस मिनिटे लागतात, ती ग्राइंडरवर दोन मिनिटांत चकाकते. तेव्हा कानस कशाला हवी, असा प्रश्न तरुणांनी विचारला तर त्यात नवल नाही. या प्रश्नाचे उत्तर कोयत्याच्या पोलादातच दडलेले आहे.

अनेक कोयते मालमोटारीच्या जुन्या कमानपाट्याच्या पोलादापासून घडवितात. लोहार तो तुकडा तापवून ठोकतो, आकार देतो आणि शेवटी धारेला 'पाणी' देतो. लालभडक तापलेले पोलाद एकदम थंड केले म्हणजे ते अतिशय कठीण, पण काचेसारखे ठिसूळ होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करावा लागतो. या दुसऱ्या तापाची मोजपट्टी म्हणजे घासून उजळ केलेल्या पोलादावर उमटणारे रंग. साध्या पोलादावर सुमारे २२० अंश सेल्सियसला गव्हाच्या काडीसारखा पिवळा रंग येतो, २५० च्या आसपास तपकिरी, २८० ला जांभळा आणि ३०० ला निळा. तापमापक हाती नसलेला लोहार पिढ्यान्‌पिढ्या हेच रंग वाचत आला आहे. त्याने ज्या तापावर काम थांबविले, त्याहून अधिक ताप धारेला पुढे कधीही लागला, तर त्याने दिलेले पाणी उतरते व धार मऊ पडते.

ग्राइंडरवर नेमके हेच घडते. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. हिशेब केला तर तिच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरहून अधिक भरतो. या घर्षणाने कोयत्याची पातळ कड काही सेकंदांत निळी पडू शकते. कोयत्याचा पाठीकडचा जाड भाग मात्र हाताला जेमतेम कोमट लागतो, त्यामुळे धार लावणाऱ्यास काही बिघडल्याचे जाणवतही नाही. कोयता चकचकीत दिसतो, पहिल्या दिवशी चालतोही छान. दोन-चार दिवसांत मात्र धार वळू लागते. मग तो पुन्हा ग्राइंडरवर जातो, पुन्हा भाजतो, आणि प्रत्येक वेळी पोलादाचा काही भाग ठिणग्यांबरोबर उडून जातो.

याची किंमत फडात मोजावी लागते. ऊस जमिनीलगत, एका घावात तुटावा लागतो. उसाच्या बुडख्याकडील कांड्यांत साखर अधिक असते आणि मजुरी तर टनावर मिळते. बोथट कोयत्याने एका घावाचे दोन-तीन घाव होतात, मनगट व खांदा भरून येतो आणि ऊस वरून तुटतो. उंच राहिलेल्या खुंटामुळे मालकाच्या खोडव्याचेही नुकसान होते. पहाटेच्या अंधारात कामाला लागणाऱ्या बाईच्या हाती असा कोयता असला, तर दिवसाअखेरीस तिच्या वाट्याला काय येते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

तेव्हा धारेच्या कामात कानशीचा पक्ष निःसंशय बळकट आहे. कानस धारेला तापवीत नाही आणि तिला वीज लागत नाही. उसाच्या फडाशेजारच्या कोप्यांत विजेची सोय बहुधा नसतेच, ही बाबही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शिवाय कानस ही पोलादाची परीक्षाही करते. चांगले पाणी असलेल्या धारेवर ती किंचित घसरते, कष्टाने चावते. पाणी उतरलेल्या जागी ती सहज रुतते. धार कोठे भाजली आहे, हे कानस फिरविताना हाताला कळते. तशी जागा सापडली, तर कोयता पुन्हा लोहाराकडेच नेला पाहिजे. घासून ते पाणी परत येत नाही.

कानस चालविण्याची रीत मात्र शिकावी लागते. तिचे दाते पुढे ढकलतानाच कापतात. म्हणून परत आणताना ती उचलून घ्यावी, मागेपुढे सारखी रगडू नये, त्याने दाते मरतात. कोयता हातात धरून नव्हे, तर व्हाइसमध्ये अथवा लाकडाच्या खाचेत पक्का बसवून मग कानस फिरवावी. लोहाराने दिलेला उताराचा कोन बदलू नये. शेवटी कडेला आलेला बारीक काटा धारेच्या दगडाने काढावा. बिनमुठीची कानस कधीही वापरू नये. तिचे टोकदार शेपूट तळहातात घुसल्याच्या घटना लोहकाम करणाऱ्यांत नवीन नाहीत.

कोयत्यावरून निघालेला हा विचार घरच्या इतर लोहकामालाही लागू करून पाहावा. शेतकऱ्याच्या घरी वर्षभर असे काम निघतच असते. कुळवाची पास झिजते, फाटकाची बिजागरी तुटते, फवारणी पंपाचा दांडा वाकतो, शेळ्यांच्या गोठ्याला जाळी बसवायची असते. या प्रत्येक कामासाठी यंत्र घेऊ लागलो तर घराचा कारखाना होईल, आणि कारखान्याचे गणित वेगळे असते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानाने प्रारंभ केला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली. तेथे लोखंडी नांगर व कडबा कापण्याची यंत्रे तयार होऊ लागली. एकाच मापाचा फाळ शेकडोंनी करावयाचा असल्यावर तेथे यंत्रावाचून गत्यंतर नव्हते. घरच्या कामात प्रत्येक तुकडा वेगळा असतो आणि बहुधा एकदाच करावा लागतो. यंत्र मांडून, बांधून, जुळवून होईपर्यंत हाताने ते काम आटोपलेले असते.

शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत जोडारी म्हणजे फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. तेथे दाखल झालेल्या मुलाच्या हाती प्रारंभी लेथ देत नाहीत, तर कानस व हॅक्सॉ देतात. लोखंडाचा ओबडधोबड तुकडा घासून सपाट व काटकोनात आणण्यात त्याचे कित्येक दिवस जातात. पुष्कळ मुलांना हा कंटाळवाणा छळ वाटतो. परंतु लोखंड कोठे कापते, कोठे अडते, याची जाण हातांना येथेच येते आणि पुढे यंत्रावर बसल्यावर तीच उपयोगी पडते.

तेव्हा घरी पहिला खर्च करायचा तो एका मजबूत व्हाइसवर. वस्तू दोन जबड्यांत घट्ट पकडून ठेवणारे हे साधन नसेल, तर उत्तम हत्यारही निरुपयोगी ठरते. त्यानंतर चपटी, अर्धगोल व तिकोनी अशा तीन कानशी, एक हॅक्सॉ, छिन्नी, सेंटर पंच, हातोडा आणि गुण्या. हॅक्सॉचे पाते लावताना दात पुढच्या दिशेला असावेत. पाते निवडताना एक साधा नियम पाळावा : कापावयाच्या जाडीवर एका वेळी किमान तीन दात टेकले पाहिजेत. म्हणून जाड सळईस इंचाला १८ दातांचे पाते चालते, तर पातळ नळीस ३२ दातांचे लागते. हे न जाणल्यामुळे पात्यांचे दात मोडतात आणि दोष मात्र पात्याच्या माथी जातो.

याचा अर्थ यंत्रांना घरात थारा देऊ नये, असा मुळीच नाही. गोठ्याच्या सांगाड्यासाठी लोखंडी अँगलचे चाळीस तुकडे हॅक्सॉने कापण्याचा हट्ट हा श्रमाचा अपव्यय होय. तेथे ग्राइंडरच हवा. जाड पट्टीला १० मिलिमीटरचे छिद्र पाडण्यास विजेचे ड्रिल हवे, तेही मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आसपास आणि तेलाचे थेंब सोडीत. अधिक वेगाने काम लवकर होत नाही, बिट मात्र जळतो. मोडलेली चौकट जोडायची तर वेल्डिंगला पर्याय नाही. पण धारेच्या हत्याराला धारेजवळ वेल्डिंग करू नये, तेथील पोलाद तडकते वा मऊ पडते. तसेच घरगुती जोडणीवर मोठे वेल्डिंग यंत्र चालविल्यास विजेचा दाब घसरतो आणि शेजाऱ्यांचेही दिवे मंदावतात. वर्षातून दोनदा लागणारे वेल्डिंग दुकानात करून घेणे केव्हाही स्वस्त.

यंत्राची चूक क्षणात घडते, हेही सांगितले पाहिजे. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर. हौसेने ड्रिल विकत घेतले आणि पत्र्याचा तुकडा डाव्या हातात धरून छिद्र पाडावयास बसलो. बिट आरपार जाताच पत्र्यात अडकला, पत्रा गरकन फिरला आणि अंगठ्याला चार टाके पडले. घरात व्हाइस नव्हता. तो दुसऱ्या दिवशी आणला. तेव्हा, ड्रिलवर काम करताना वस्तू नेहमी पक्की बांधावी व हातमोजे घालू नयेत, ते बिटात गुंडाळले जातात. ग्राइंडरवरील संरक्षक झाकण काढून त्यास मोठी चकती बसविण्याची सवय तर प्राणघातक आहे. चकतीवर तिची वेगमर्यादा छापलेली असते, ती ओलांडली की चकतीचे तुकडे गोळीसारखे सुटतात. डोळ्यांना चष्मा हवाच. वेल्डिंगचा लखलखाट उघड्या डोळ्यांनी पाहिल्याचा त्रास तत्काळ होत नाही. रात्री झोपेतून उठविणारी आग डोळ्यांत पेटते, तेव्हा उमगते.

गावातील लोहाराच्या भात्याला या बदलात जागा उरली आहे काय? धारेला पाणी देणे हे ग्राइंडरला येत नाही, तोवर ती आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत लोहारकाम आणि हातोडा व हत्यारसंच बनविण्याचे काम अंतर्भूत आहे. तीत प्रशिक्षण व त्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाख, दुसऱ्यात २ लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. या रकमेतून ग्राइंडर घ्यावा की भात्याला पंखा जोडावा, हे ज्याने-त्याने आपले गिऱ्हाईक पाहून ठरवावे. आमच्या मते कोयते आणि कुऱ्हाडी हेच ज्याचे मुख्य काम, त्याने आधी पंख्याचा विचार करावा.

आणि यंदा ट्रॉली भरताना कोयत्यांबरोबर एवढे सामान निराळ्या पिशवीत बांधून घ्यावे : मूठ बसविलेली दहा इंची चपटी कानस, तिचे दाते साफ करण्यासाठी तारेचा ब्रश, धारेचा दगड, आणि कोयत्याच्या धारेवर चढविण्यास जुन्या टायरचे म्यान, म्हणजे ट्रॉलीत बसलेल्या लेकरांना इजा होणार नाही.