किल्ल्यार कोण रवता?

मूळ गाव मालवण तालुक्यात आणि पोट मुंबईत, म्हणजे मी पक्का चाकरमानी. गावी आलो की घरचे मासळीबाजारात आणि मी एखाद्या किल्ल्यावर, अशी आमच्याकडे वाटणी ठरलेली आहे. इतिहासाचा अभ्यास म्हणाल तर चौथीच्या पुस्तकाएवढा, वर थोडी ऐकीव भर. एवढ्या भांडवलावर जे काही उमगलं, ते सांगतो.

१. सिंधुदुर्गाचा पहिला तट पाण्याखाली आहे. मालवणच्या जेट्टीवरून किल्ला इतका जवळ दिसतो की होडी सरळ का जात नाही म्हणून माणूस चुळबुळायला लागतो. होडी आधी एका बाजूला कलते, मग भलत्याच दिशेला निघते, मग पुन्हा वळते. कुरटे बेटाभोवती खडकांचं रान आहे. भरतीला ते दिसत नाहीत आणि ओहोटीला नुसते नाकाडे वर काढतात. २५ नोव्हेंबर १६६४ ला इथे कामाला सुरुवात झाली आणि सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. जागा निवडतानाच अर्धी लढाई जिंकली होती, हे त्या नागमोडी वाटेवर कळतं. सुकाणूवर हात ठेवून, माझ्याशी गप्पा मारत, खडकांकडे ढुंकूनही न बघता होडीवाला म्हणाला, “किल्लो सगळ्यांक दिसता, वाट फक्त आमकां.” पुढे तटाच्या अगदी पोटाशी जाईपर्यंत दरवाजाही दिसत नाही. दोन बुरुजांच्या मधे वळण घेऊन लपवलेला आहे तो.

२. किल्ला रिकामा असला पाहिजे, ही समजूत आपणच करून घेतलेली. सिंधुदुर्गाच्या तटाच्या आत घरं आहेत, तुळशीवृंदावनं आहेत, दोरीवर वाळत घातलेले कपडे आहेत. सुरुवातीला मला हे सगळं फोटोत नको असायचं. कॅमेरा अशा कोनात धरायचो की विजेची तार यायला नको, घराचा पत्रा यायला नको. एकदा कोकम सरबत पिता पिता मी तिथल्या काकींना मोठ्या आस्थेने विचारलं, “तुम्ही इथेच राहता?” त्यांनी ग्लास विसळत विचारलं, “मगे खय रवतलंव?” यावर काय बोलणार? बाहेरचा मी होतो, आणि चौकशी मात्र त्यांच्या राहण्याची चालली होती.

मग हळूहळू प्रश्न बदलले. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत पर्यटकांच्या होड्या बंद असतात. तेव्हा आजारी माणूस पलीकडे कसा न्यायचा? गॅसचा सिलिंडर कसा येतो? मुलांच्या शाळेचं काय? अनेकजण पावसाळ्यापुरते मालवणात बिऱ्हाड हलवतात, हे त्यातूनच समजलं. गडकरी घराण्यांतली ही माणसं गेल्या काही पिढ्यांत कमी कमी होत गेली, आणि त्याचं कारण शोधायला बखर उघडावी लागत नाही. सिलिंडर खांद्यावर घेऊन होडीतून उतरणारा माणूस एकदा पाहिला की पुरे.

३. किल्ला दगडावर उभा असतो, पण टिकतो पाण्यावर. दूधबाव, साखरबाव, दहीबाव या तीन विहिरींची नावं ऐकून मी आधी हसलो होतो. नावं ठेवणारा उपाशी असावा असं वाटलं. मग ते पाणी प्यालो. चारी बाजूंना खारट समुद्र आणि मधे हे गोडं पाणी. चमत्कार म्हणून सोडून देणं सोपं असतं, पण त्यामागचं कारण मला जास्त आवडतं. पावसाचं पाणी बेटाच्या पोटात मुरतं आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच्यावर तरंगून राहतं. जपून उपसलं तर ते वर्षभर पुरतं. हावरटासारखं उपसलं तर खालचं खारं पाणी वर चढतं. म्हणजे वेढ्याच्या दिवसांत पोहऱ्यावरही कुणाची तरी नजर असणार. तोफांची मोजदाद सगळे सांगतात, या पहारेकऱ्याचा उल्लेख मात्र कुठे वाचला नाही.

४. मोठेपणा कधीकधी शौचकूपात दिसतो. सिंधुदुर्गाच्या तटात जागोजागी शौचकूप बांधलेले आहेत. वाटाडे तिथून जरा घाईने पुढे सरकतात, बरोबर बायकामुलं असतात म्हणून असेल. मी मात्र तिथे रेंगाळतो. सुमारे तीन किलोमीटरचा तट, त्यावर रात्रंदिवस पहारा आणि आत गोड्या पाण्याच्या मोजक्या विहिरी. माणसं कुठे जाणार, घाण कुठे जाणार, विहिरी कशा वाचणार, याचा विचार सतराव्या शतकात दगडात करून ठेवलेला आहे. आमच्या एसटी स्टँडचा विषय इथे काढत नाही.

५. शिवाजी महाराज इथे निराळे आहेत. राजाराम महाराजांनी १६९५ साली बांधलेल्या शिवराजेश्वराच्या देवळात महाराजांची जी मूर्ती आहे, तिला दाढी नाही आणि डोक्यावर दर्यावर्दी माणसाची टोपी आहे. जिरेटोपाची सवय झालेल्या डोळ्यांना ते क्षणभर ओळखू येत नाहीत. आम्ही होडीतून उतरताना घोषणा देऊन घसा बसवतो. आत मात्र पूजा-अर्चा, नैवेद्य असा घरच्या देवासारखा क्रम चालू असतो. कांदळगावचा श्री देव रामेश्वर काही वर्षांच्या अंतराने लवाजम्यासह समुद्र ओलांडून त्यांच्या भेटीला येतो. इथले लोक राजाला पाहुणचारात आणि मानपानात धरून राहिलेत. मला ते घोषणेपेक्षा जड वाटतं.

६. विजयदुर्गावर अभिमान आणि पोटदुखी एकदमच होते. शिलाहारांच्या काळापासूनची ही जागा, तिहेरी तटबंदी, वाघोटन खाडीत आत सुरक्षित बसलेलं आरमार. आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये तेच आरमार खाडीत जळून गेलं. समुद्रावरून वॉटसनची इंग्रजी जहाजं, बरोबर क्लाइव्ह, आणि जमिनीवरून या आरमाराच्या सरदारावर, तुळाजी आंग्र्यांवर, चालून आलेली पेशव्यांची फौज. मराठ्यांचं आरमार बुडवायला मराठ्यांनीच इंग्रजांची सोबत घेतली. हे वाक्य तटावर उभं राहून मोठ्याने म्हणवत नाही. शाळेच्या सहली येतात तेव्हा गुरुजी बहुधा इथे थोडे खोकतात आणि पुढे जातात. मीही मुलांना घेऊन गेलो तेव्हा खोकलोच.

इथेच दुसरी एक गंमत आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लावला, असं अभिमानाने सांगितलं जातं. पण १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडात होता. त्या ग्रहणाचं गाजलेलं निरीक्षण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेनने गुंटूरहून केलं. लॉकियर विजयदुर्गावर आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. युद्धनौकेवरच्या खलाशांना दुर्बिणी आणि कॅमेरे हाताळायला शिकवून त्याने इथे वेधशाळाच मांडली होती. मला तर ही खरी हकीकत जास्त रंगतदार वाटते. ज्या बंदरात इंग्रजांनी आरमार जाळलं, तिथेच सुमारे दीडशे वर्षांनी इंग्रज खलाशी सूर्याकडे डोळे लावून बसले होते. तरीही गावातला एक पोरगा मला हेलियमची गोष्ट तिखटमीठ लावून सांगत होता तेव्हा मी त्याला अडवलं नाही. त्याच्या डोळ्यांतली चमक १८९८ सालाला आली असती की नाही, शंका होती.

७. किल्ले देखाव्यासाठी बांधत नसत, बऱ्याचदा जकातीसाठीही बांधत. विजयदुर्ग वाघोटन खाडीच्या तोंडाशी, सर्जेकोट कोळंब खाडीच्या तोंडाशी, तेरेखोल त्याच नावाच्या नदीच्या तोंडाशी. आल्प्समधल्या बेलिन्झोनाचे तीन किल्ले खिंडीकडे जाणारी दरी अडवून बसलेत, तेच काम इथे पाण्यावर. बेलिन्झोना २००० साली जागतिक वारसा यादीत गेलं. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग जुलै २०२५ मध्ये, इतर दहा किल्ल्यांसोबत.

८. यादीत नसलेले किल्ले अधिक बोलतात. मसुऱ्याचा भरतगड आणि नदीपलीकडचा भगवंतगड एकमेकांकडे डोळे वटारून बसलेत. एक सावंतवाडीकर सावंतांचा, दुसरा बावड्याच्या अमात्यांचा. मसुऱ्याच्या डोंगरावर पाणी नाही म्हणून शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधायचा बेत सोडला आणि पुढे फोंड सावंतांनी खोल विहीर खणून पाणी लागल्यावरच भरतगड उभा केला, असं सांगतात. पुन्हा पाणीच. तिथे तिकीट नाही, वाटाड्या नाही, सरबत नाही. भरतगडाची जमीन आज खासगी आहे आणि आत आंबा-काजूची कलमं आहेत. जाणार असाल तर पायथ्याच्या घरात आधी विचारा, आणि हंगाम असेल तर झाडाला हात लावू नका.