शिडाची वाट

विरारच्या पूर्वेस, जीवदानीच्या डोंगराच्या पायथ्याशी, फुलपाडा ही वस्ती आहे. ह्या डोंगरावर चढून पश्चिमेकडे तोंड केले, म्हणजे घरांच्या दाटीपलीकडे समुद्राची निळी कड दिसते. त्याच बाजूस, वैतरणा नदी सागराला मिळते तेथे, अर्नाळ्याचे लहानसे बेट आहे. तेथून दक्षिणेकडे जावे तसतशी खांदेरी, उंदेरी, पद्मदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि मालवणजवळचा सिंधुदुर्ग ही दुर्गबेटे एकामागून एक लागतात. सिंधुदुर्गावर प्रवाशांची वर्दळ असते. परंतु उंदेरी, सुवर्णदुर्ग अशा बेटांवर पक्ष्यांचा आणि लाटांचाच आवाज अधिक. मोठी जहाजे त्यांच्यापासून दूर, खोल पाण्यातून निघून जातात. ही शांत बेटे निवांतपणे पाहावयाची, तर शिडाच्या होडीसारखे वाहन नाही.

आज कोळ्यांच्या बहुतेक होड्यांना यंत्र असते. यंत्र माणसाच्या हुकमात असते. वारा मात्र कोणाचा ताबेदार नाही. म्हणून शिडावर जाणाऱ्याने प्रथम वाऱ्याचे वेळापत्रक शिकावे लागते. रात्री जमीन लवकर थंड होते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो. हा मतलई वारा. दिवसा जमीन लवकर तापते आणि दुपारी समुद्राकडून जमिनीकडे वारा येतो. हा खारा वारा. मतलईवर निघावे आणि खाऱ्यावर परतावे, हा किनाऱ्यावरील जुना परिपाठ. पावसाळ्यात मात्र समुद्र खवळतो. तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला सागराची पूजा करून मग पुन्हा पाण्यात लोटतात.

वारा समोरून आला तर काय करावे? सरळ त्याच्या तोंडावर होडी चालत नाही. पण शीड तिरपे धरले, तर ती वाऱ्याच्या दिशेकडे तिरकी पुढे जाऊ शकते. ओला चिंचोका दोन बोटांच्या चिमटीत दाबून पाहा. दाब दोन्ही बाजूंनी पडतो, पण चिंचोका मात्र पुढे निसटतो. तसेच येथे होते. एका बाजूने वारा शिडाला रेटतो. दुसऱ्या बाजूने पाणी होडीच्या तळाला आडवे सरकू देत नाही. म्हणून होडी पुढे निसटते. थोडे उजवीकडे, थोडे डावीकडे, असे नागमोडी जात तांडेल समोरच्या वाऱ्यावरही मात करतो. वाट लांबते, पण मुक्काम गाठता येतो.

वाऱ्याइतकेच भरती-ओहोटीचे भान हवे. भरती रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. भरतीला ज्या खडकांवरून होडी सहज जाते, तेच खडक ओहोटीला तिचा तळ फोडू शकतात. तिसरी चिंता गोड्या पाण्याची. भोवती अथांग सागर असूनही त्यातला एक घोटही पिता येत नाही. म्हणूनच बेटावरची विहीर म्हणजे बेटाचा प्राण. अर्नाळ्याच्या किल्ल्यात गोड्या पाण्याचे अष्टकोनी तळे आहे. सिंधुदुर्गावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. त्यांची नावेच त्यांच्या पाण्याचे मोल सांगतात.

वारा आणि पाणी ओळखणाऱ्यांनी एकदा बलाढ्य शत्रूलाही दाद दिली नाही. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी खांदेरी बेटावर किल्ल्याचे काम सुरू केले. मुंबईच्या इंग्रजांना ते सहन झाले नाही. त्यांनी आपली जहाजे आणून बेटाची कोंडी करण्याचा प्रयत्न केला. इंग्रजांची जहाजे मोठी आणि तोफांनी सज्ज होती. पण वारा पडला की ती जागच्या जागी खिळत. मराठ्यांच्या होड्या लहान आणि हलक्या होत्या. रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून, वल्ही मारीत त्या सामान घेऊन बेटावर पोहोचत. अखेर १६८० च्या आरंभी इंग्रजांना माघार घ्यावी लागली. २०२५ मध्ये ‘युनेस्को’ने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांची नोंद जागतिक वारशात केली, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हेही आहेत.

पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस, वेस्ट इंडीजमध्येही अशी शांत बेटे आहेत. ग्रेनेडीन्स बेटांवर वर्षाचा बहुतेक काळ पूर्वेकडून वारे वाहतात. त्यामुळे शिडाच्या होड्यांतून फिरणाऱ्यांना ती फार प्रिय आहेत. त्यांपैकी बेक्वे बेटावर होड्या बांधण्याची जुनी परंपरा आहे. त्या बेटावर नदी नाही. लोक छपरावर पडणारे पावसाचे पाणी हौदांत साठवितात. समुद्र निराळा, भाषा निराळी, पण बेटावरच्या माणसाची काळजी मात्र तीच!

आपल्या किनाऱ्यावरील शिडाची विद्या आजही लोपलेली नाही. नौदलातील अधिकारी दिलीप दोंदे हे गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ ह्या शिडाच्या नौकेतून ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले आणि एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१० मध्ये परतले. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय होत. इतक्या दूरच्या प्रवासातही वारा त्यांच्या आज्ञेत नव्हता. वाऱ्याला आज्ञा करता येत नाही. त्याला ओळखावे लागते. तो अनुकूल असता त्वरा करावी, प्रतिकूल असता वाट वळवावी आणि तो अगदीच पडला तर धीर धरावा. शीड माणसाला शिकविते ते हेच.

शब्दार्थ

तांडेल – होडीवरील प्रमुख नाविक. परिपाठ – नेहमीची रीत. बाव – विहीर. वारा पडणे – वारा वाहण्याचे थांबणे.

स्वाध्याय

१. मतलई वारा व खारा वारा यांतील फरक सांगा.
२. वारा समोरून येत असताही शिडाची होडी पुढे कशी जाते?
३. ‘बेटावरची विहीर म्हणजे बेटाचा प्राण’ असे लेखकाने का म्हटले आहे?
४. खांदेरीच्या लढ्यात मराठ्यांच्या लहान होड्या कशा उपयोगी पडल्या?
५. वाक्यांत उपयोग करा : दाद न देणे, मात करणे, माघार घेणे.
६. तुमच्या गावाजवळील नदी, खाडी किंवा समुद्र यांची माहिती वडीलधाऱ्यांकडून मिळवून दहा ओळी लिहा.