मळ्यातली गाडी ओळखताना

पोरा, गोठ्यामागं गाडी सापडली म्हणून लगेच ट्रॅक्टरला दोर बांधून ओढायला धावू नकोस. वीस-पंचवीस पावसाळे खाल्लेली गाडी ओढली, की तळाचा पत्रा जमिनीतच राहतो. आधी लांब काठीनं भोवतीचं गवत झोड, मग सीटखाली ढोसून बघ. अशा सावलीत घोणस पडून असते, दाराच्या कोपऱ्यात गांधीलमाश्यांचं पोळं असतं.

आणि नाव वाचून गाडी ओळखायची नाही. गॅरेजमध्ये माझी हयात गेली. एका गाडीचं नाव दुसरीला चिकटवलेलं मी कितीदा पाहिलंय. इंजिनावरही भरवसा ठेवू नकोस. पेट्रोलचं काढून डिझेलचं बसवलेल्या जीपगाड्या आणि अ‍ॅम्बॅसडर खेडोपाडी पळाल्या. दाराच्या बिजागऱ्या मात्र कुणी इकडच्या तिकडं करत नाही.

म्हणून आधी पुढचं दार उघड. बिजागरी मागच्या बाजूला असेल, म्हणजे दार उलटं उघडत असेल, आणि गाडी बुटकी, गोल अंगाची असेल, तर ती जुनी फियाट 1100. तिच्या पहिल्या अवताराला आपल्याकडं सगळे 'डुक्कर फियाट' म्हणायचे. दार सरळ उघडतंय, अंग चौकोनी आणि मागं बारीक पंख निघालेत, तर ती पुढची पिढी. कारखाना तोच, वालचंद हिराचंदांचा, कुर्ल्याचा. 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव 1974 सालापासूनचं. बॉनेट मडगार्डांसकट अख्खंच्या अख्खं पुढं कलंडत असेल, तर मात्र ती मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड.

अंग ओळखू येईना इतकं सडलं असेल, तर पाने काढ. फियाट इटलीची, तिचे बोल्ट मिलिमीटरचे. अ‍ॅम्बॅसडर मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, तिचे इंचाचे. पण एका बोल्टावर निकाल देऊ नकोस. अर्ध्या इंचाचा पाना म्हणजे 12.7 मिलिमीटर, तो तेराच्या बोल्टाला लागता लागता राहतो आणि माणूस फसतो. चार-पाच वेगवेगळ्या मापांवर लावून बघ. अ‍ॅम्बॅसडरचा बांधा 1957 पासून 2014 पर्यंत जवळपास तोच राहिला, त्यामुळं तिचं साल ठरवणं सगळ्यांत अवघड. जाळीवर चौकटी असतील तर मार्क टू म्हण, पण जाळी बदलता येते हे विसरू नकोस.

जीप असेल तर समोरच्या उभ्या खाचा मोज. नऊ असतील तर ती दुसऱ्या महायुद्धातली, सात असतील तर नंतरची, नागरी. नऊवालीच्या बोल्टांच्या डोक्यावर इंग्रजी 'एफ' उठलेला दिसला, तर ती फोर्डनं बनवलेली. तिच्या एकाही बोल्टाला हातोडा लावू नकोस.

नंबरप्लेट शेवटी बघ. 'एमएच' 1989 नंतरचं. त्याआधी तीन अक्षरं आणि पुढं आकडे असत. खरा पुरावा चेसिस नंबर. इंजिन आणि समोरची काच यांच्या मधल्या पत्र्यावर बहुधा पट्टी सापडते. तिच्यावर वायरब्रश मारलास तर आकडेच उडतील. रॉकेलचा बोळा रात्रभर ठेव, सकाळी हलक्या हातानं पूस, वर खडू घास आणि बॅटरी तिरकी धर. बुजलेला आकडाही उठून दिसतो.

मग घरी ये आणि आजीजवळ बस. कुणाच्या लग्नाला ही गाडी आली, कोण चालवायचं, कधी बंद पडली, ते तिला विचार. आरसी बुक तिच्या पत्र्याच्या पेटीत, जमिनीच्या कागदांखाली असण्याची शक्यता मोठी आहे. ते हाती लागेपर्यंत भंगारवाल्याला मळ्यात येऊ देऊ नकोस.