गुळवेल : प्रयोगशाळेतील आणि औषधालयातील

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील औषधशास्त्र विभागात कै. डॉ. शरदिनी डहाणूकर व सहकाऱ्यांनी गुडूचीवर केलेले संशोधन वैद्यबंधूंना परिचित आहेच. तेथील १९९३ च्या अभ्यासात अवरोधजन्य कामलेच्या ३० रुग्णांपैकी एका गटास नेहमीच्या उपचारांसह गुळवेल दिली गेली. शस्त्रक्रियेनंतर त्या गटातील ९२.४ टक्के, तर दुसऱ्यातील ४० टक्के रुग्ण वाचले. यकृताचे कार्य दोन्हीकडे सारखेच होते. श्वेतपेशींची जंतुभक्षणक्षमता मात्र गुळवेल घेणाऱ्यांतच पूर्ववत झाली.

हा दाखला टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाचा आहे. पेण-रोह्याच्या औषधालयात येणारी ओली जुडी तीच आहे काय, हे आपणच पाहावयाचे. २०२१ मध्ये मुंबईतून गुळवेल घेणाऱ्यांत यकृतदाह नोंदला गेला, तेव्हा आयुष मंत्रालयाने सदृश जातीची शक्यता मांडली. पुढे काही नमुने अस्सल ठरले. म्हणून स्वप्रतिकारजन्य विकार असणाऱ्यांना ती देताना आम्ही सावधच राहतो.

अस्सल वेलीचे पान बिनलवीचे, फळ लाल व गोल. टिनोस्पोरा क्रिस्पाच्या करड्या खोडावर दाट गाठी असतात व छेदल्यास दुधी स्राव येतो. वाळलेल्या तुकड्यांत ही लक्षणे ओळखणे कठीण. माल पानांसह, ओलाच मागवावा.