आधी निदान, मग पथ्य

पुणे

चि. मृणाल,


तुझं पत्र आणि तुझ्या छोट्या रुग्णाचे रिपोर्ट मिळाले. साडेतीन वर्षांची मुलगी, वजन १० किलो, हिमोग्लोबिन ७. वर्षभर अधूनमधून जुलाब, पोट फुगलेलं, हातपाय काटकुळे. लोहाचं औषध नीट देऊनही रक्त वाढत नाही. रक्तातली टीटीजी प्रतिपिंडं वरच्या मर्यादेच्या अडीच पट. एवढ्यावर कुणीतरी ‘हिला गहू सोसत नाही, बंद करा’ असं घरच्यांना सांगितलं. पोळी बंद होऊन तीन आठवडे झाले आणि पोर खेळायला लागली. आता आईवडील विचारतात, गुण आलाच आहे तर घशातून नळी कशाला घालायची? प्रश्न रास्त आहे आणि तुला उत्तर सुचेना, म्हणून मावशीची आठवण झाली.

उत्तर आधीच देऊन टाकते. पोळी लगेच पुन्हा सुरू करायला सांग, आणि ती खात असतानाच सगळ्या तपासण्या पुऱ्या करून घे. बायोप्सीचा निकाल हाती येईपर्यंत त्या घरात ‘ग्लुटेन’ (गव्हातलं प्रथिन) हा शब्द पथ्याच्या यादीत येता कामा नये.

गुण आला हा पुरावा आहे, असं सगळ्यांनाच वाटतं. ज्याचा संशय आहे त्या सीलिॲक आजाराचा इतिहास मात्र नेमका उलटा धडा देतो. न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी १९२४ मध्ये या मुलांना केळ्यांचा आहार दिला. पाव आणि इतर पिठूळ पदार्थ बंद, केळी भरपूर. मरणाच्या दारातली मुलं वाचली. श्रेय मिळालं केळ्याला! पुढची पंचवीसेक वर्षं डॉक्टर केळी देत राहिले. ताटातून गहू गेला होता म्हणून मूल सुधारत होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मूल बरं झालं, आता पाव खायला हरकत नाही, असं सांगून घरी पाठवलं जाई आणि आतड्याची नासाडी पुन्हा सुरू होई. गुण खरा होता, कारण चुकीचं होतं.

ते कारण शोधलं हेगच्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने. पावाने या मुलांचं बिघडतं, हा संशय त्यांना १९३० च्या दशकातच आला होता. १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा संशय बळावला. एखादा तेवढ्यावर मोकळा झाला असता. डिके थांबले नाहीत. व्हायर्स आणि व्हान द कामर या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी मुलांच्या शीमधली चरबी मोजली. गहू बंद असताना किती, गहू परत दिल्यावर किती, हे मांडलं आणि १९५० मध्ये उत्रेख्तच्या विद्यापीठात प्रबंध सादर केला. गव्हावर आरोप ठेवणाऱ्या माणसानेही गहू परत देऊन पाहिला, हे लक्षात ठेव.

तुझ्या या रुग्ण मुलीला आलेला गुणही असाच तपासून बघ. तिला जिआर्डिया असेल आणि मधल्या काळात कुणी मेट्रोनिडॅझोल दिलं असेल. पोळीबरोबर बिस्किटं, टोस्ट, नूडल्स बंद झाले आणि त्या जागी वरणभात, भाकरी, दही आलं, तरी मुलाचं पोट सुधारतं. गव्हातल्या काही शर्करा आतड्यात आंबतात, त्यामुळे सीलिॲक नसलेल्यांनाही गहू सोडल्यावर हलकं वाटतं. यातलं काहीही शक्य आहे. सीलिॲकही शक्य आहे. मला तर तोच अधिक वाटतो. पण वाटण्यावर एका मुलीला जन्मभराचं पथ्य लावायचं नसतं.

गहू सुरूच का हवा, हे आईवडिलांना चित्र काढून समजाव. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला गालिच्याच्या लवीसारखी बारीक बोटं असतात, त्यांतून अन्न रक्तात जातं. ज्यांच्या अंगात डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुकं आहेत, त्यांच्यातल्या काहींच्या शरीरात ग्लुटेन आल्यावर प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. लव झिजते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. रक्तातली टीटीजी प्रतिपिंडं आणि बायोप्सीत दिसणारी झीज या दोन्ही गोष्टी ग्लुटेन पोटात जात असेतोवरच भरवशाच्या. गहू सोडला की काही महिन्यांत प्रतिपिंडं उतरतात, लव हळूहळू भरून येते, आणि मग आजार असलेल्या मुलाचाही रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. तुझ्या सुदैवाने तीनच आठवडे झालेत. झीज एवढ्यात भरत नाही. सहा महिने गेले असते तर हात बांधले गेले असते, कारण पाच वर्षांच्या आतल्या मुलांना निव्वळ परीक्षेसाठी गहू परत द्यायचा नाही, असं युरोपातल्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं आहे. म्हणून घाई कर.

आता क्रमाने सांगते.

पहिलं, टीटीजी-आयजीए बरोबर एकूण आयजीए मोजलं आहे का? तुझ्या कागदांत ते नाही. सीलिॲकच्या शंभर रुग्णांतल्या दोघा-तिघांत आयजीए जवळपास नसतंच. त्यांची टीटीजी-आयजीए निगेटिव्ह येते आणि आजार निसटतो. तुझ्या मुलीची पॉझिटिव्ह आहे, तेव्हा तिच्यापुरता प्रश्न मिटला. पुढच्या प्रत्येक मुलासाठी मात्र दोन्ही चाचण्या एकदमच लिहीत जा. आयजीए कमी असेल तर आयजीजी प्रकारच्या चाचण्या मागव.

दुसरं, बायोप्सी टाळता येते असं तू वाचलं असशील. येते, पण अट आहे. टीटीजी दहा पट किंवा त्याहून जास्त हवी, शिवाय दुसऱ्या वेळी घेतलेल्या रक्तात ईएमए ही दुसरी प्रतिपिंड-चाचणी पॉझिटिव्ह हवी. अडीच पट ही त्या हद्दीच्या फार खाली आहे. किट बदललं की आकडा बदलतो, आणि जंतुसंसर्गात किंवा टाइप १ मधुमेहात टीटीजी तात्पुरती थोडी वर जाते. इथे बायोप्सीला पर्याय नाही.

तिसरं, तुझ्या जालन्यात मुलांची एंडोस्कोपी होत नसेल तर संभाजीनगरला किंवा पुण्याला पाठव. हिमोग्लोबिन ७ आहे, भूलतज्ज्ञांना ते आधी कळव. चिठ्ठीत स्पष्ट लिही: ग्रहणीच्या सुरुवातीच्या भागातून एक-दोन आणि त्यापुढून निदान चार तुकडे घ्यावेत. झीज ठिपक्याठिपक्यांनी असते, एकच तुकडा फसवतो. तुकडा आडवा-तिरपा कापला गेला तर धडधाकट लवही बुटकी दिसते, म्हणून मुलांच्या आतड्याची सवय असलेला पॅथॉलॉजिस्ट शोध. मार्श श्रेणी २ किंवा ३ असा शेरा आला आणि रक्तही जुळलं, तर निदान पक्कं. आपल्याकडे कुपोषण, जिआर्डिया, ट्रॉपिकल स्प्रू, क्षय यांतही लव झिजते. तेव्हा नुसती बायोप्सीही पुरेशी नाही, नुसतं रक्तही नाही. दोघांची साक्ष जुळायला हवी.

एक अपवाद ध्यानात असू दे. मूल जुलाबांनी सुकलं आहे, पोटॅशियम खाली गेलं आहे, अंगावर सूज आहे, अशा वेळी आधी जीव वाचव. त्या मुलाला पोळी खाऊ घालत तपासणीची वाट बघायची नसते.

काही चाचण्यांच्या नादी लागू नकोस. ‘शंभर पदार्थांची आयजीजी तपासणी’ म्हणून जी पॅकेजं विकली जातात, त्यांतून सीलिॲकचं निदान होत नाही. डीक्यू२-डीक्यू८ शोधणारी एचएलए तपासणी दर दहा धडधाकट माणसांतल्या तिघा-चौघांतही पॉझिटिव्ह येते, त्यामुळे पॉझिटिव्हला अर्थ नाही. ती निगेटिव्ह आली तर मात्र आजार जवळपास निकाली निघतो. गहू सोडून वर्ष झालेलं मूल समोर आलं, तर तिथे तिचा उपयोग.

तुझे एक सहकारी म्हणाले, ‘हा पंजाबकडचा आजार, मराठी घरात कुठला?’ त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. २०१६ च्या एका मोठ्या पाहणीत उत्तर भारतातल्या प्रौढांत शंभरामागे एकाहून थोड्या जास्त जणांच्या रक्तात सीलिॲकची प्रतिपिंडं सापडली, दक्षिणेत हजारामागे एकाच्या. पण लागणारी जनुकं दोन्हीकडे जवळपास सारखीच होती; मोठा फरक होता तो ताटातल्या गव्हात. आपल्याकडे आजी ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर वाढली, आई पोळीवर आली आणि नात पोळी, रव्याची खीर, बिस्किट आणि पावावर वाढते आहे. शिवाय जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत उत्तरेकडची किती कुटुंबं आली आहेत, ते तू रोज बघतेस. म्हणून आडनाव बघून संशय घेऊ नकोस, वाढतक्ता बघून घे. आधी वजनाची रेघ सपाट होते, मग उंचीची. जुलाब असतीलच असं नाही. लोहाला दाद न देणारा पांडुरोग, खुंटलेली उंची, मुडदूस, लांबलेली पाळी, कारण न सापडणारी यकृताच्या एन्झाइमची वाढ, बद्धकोष्ठ, सततची किरकिर, एवढ्यावरही टीटीजी मागव. टाइप १ मधुमेह, थायरॉइडचा स्वप्रतिकार विकार, डाउन किंवा टर्नर सिंड्रोम असलेल्या मुलांची तर तक्रार नसतानाही तपासणी कर. जंताचं औषध आणि टॉनिक यांच्या फेऱ्यांत आपल्याकडे या मुलांची वर्षं जातात.

आईवडिलांशी बोलताना ‘गव्हाची ॲलर्जी’ म्हणू नकोस. ॲलर्जी वेगळी, ती बऱ्याच मुलांत वयाबरोबर जाते. ॲलर्जी म्हटलं की लोक दोन वर्षांनी मुलाला पुरी भरवून बघतात. आजाराचं नाव ‘सीलिॲक’ असंच कागदावर लिहून दे आणि निदान झालं तर पथ्य जन्माचं आहे, हे पहिल्याच दिवशी सांग. त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तरही इथेच आहे. हे पथ्य फार बारकाव्याचं आहे. कुरडई गव्हाच्या चिकाची. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू. बाजारच्या हिंगातही बहुधा मैदा असतो. गिरणीत गव्हावर दळलेलं ज्वारीचं पीठ चालत नाही. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा, तोही नाही. पुरावा नसलेल्या घरात हे पथ्य पहिल्या लग्नसराईत मोडतं. हातात बायोप्सीचा कागद असला तर आजीच नातीचा डबा सांभाळते. आणि बायोप्सी स्वच्छ निघाली, तर या मुलीची एवढ्या सगळ्यातून सुटका होते, हा फायदाही त्यांना सांग.

निदान पक्कं झालं की सख्ख्या भावंडांची आणि आईवडिलांची टीटीजी कर. त्यांना हा आजार इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. त्यांनाही बजाव, रक्त देईपर्यंत पोळी सोडायची नाही. मग आहारतज्ज्ञाला बोलाव, लोह आणि ड जीवनसत्त्व भरून काढ, दर तीन महिन्यांनी वजन-उंची तक्त्यावर मांड. सहा महिन्यांनी टीटीजी उतरलेली दिसली पाहिजे. नाही उतरली तर रागावू नकोस, घरातलं काय-काय पोटात जातंय ते शांतपणे शोध.

या आजाराला गोळी नाही. पथ्य हेच औषध, आणि ते आयुष्यभर घ्यायचं आहे. एवढं मोठं औषध लिहून देण्याआधी पुरावा हातात घेणं ही डॉक्टरची जबाबदारी. उद्या सकाळी त्या आईला फोन कर, पोळी सुरू करायला सांग आणि एंडोस्कोपीची तारीख या पंधरवड्यातलीच घे.

तुझी,
मावशी