अर्ध्या तासातले अनारसे

प्रश्न : ‘अर्ध्या तासात जाळीदार अनारसे’ अशी पाककृती मिळाली आहे. मागे अशाच एका कृतीने केलेले अनारसे तुपात हसले, म्हणजे फुटून पसरले. माझाच हात बसलेला नाही का? करण्याआधी कृती पारखता येते का?
– एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : ताई, हाताला दोष देऊ नका. अनारसे हसतात ते बहुतेकदा गूळ जास्त झाल्याने किंवा पीठ सैल राहिल्याने. कृती वाचताना आधी वेळ बघा. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजतात, पाणी रोज बदलावं लागतं. मग निथळून, दमट असतानाच दळायचे आणि गूळ घालून गोळा काही दिवस मुरवायचा. हे अर्ध्या तासात बसत नाही, तेव्हा ती कृती खुशाल सोडा. तयार पिठाची असेल तर गोष्ट वेगळी, पण तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. गुळाचं प्रमाण वजनात दिलं असेल, आच मंद ठेवून न उलटता वरून तूप उडवायला सांगितलं असेल, तर लिहिणाऱ्याने ते स्वतः केलं असण्याची शक्यता बरीच. तरीही आधी एकच तळा. हसला, तर थोड्याशाच गोळ्यात चमचाभर तांदळाचं पीठ मळून पुन्हा बघा. बाकीच्याला तोवर हात लावू नका.