ग्रामसभा : नागरिकशास्त्राचा गावातला पाठ

मतदानाचा हक्क नागरिकशास्त्राच्या पाठात सविस्तर शिकविला जातो. परंतु मतदान झाल्यानंतरच्या 5 वर्षांत नागरिकाने काय करावयाचे, या प्रश्नापाशी पाठ बहुधा थांबतो. खेड्यातील मुलाला याचे उत्तर आपल्याच गावच्या चावडीत मिळण्यासारखे आहे. ग्रामपंचायत निवडून दिलेल्या सदस्यांची असते. ग्रामसभा मात्र गावच्या मतदारयादीत नाव असलेल्या प्रत्येकाची असते. हा भेद मुलांच्या मनावर एकदा ठसला, की पुढचे शिकविणे सोपे जाते.

कोल्हापूर जिल्ह्यातील शिक्षकाजवळ या पाठासाठी घरचीच उदाहरणे आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि त्याच वर्षी विधवांच्या पुनर्विवाहास कायद्याची मान्यता दिली. हे दोन्ही निर्णय काळाच्या फार पुढचे होते. तथापि ते राजाच्या लेखणीतून उतरले होते. प्रजेने हात वर करून ते केलेले नव्हते. राजा द्रष्टा होता, हे प्रजेचे भाग्य. पण भाग्यावर राज्यपद्धती उभी राहत नाही. 1 मार्च 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हापासून ही जबाबदारी प्रजेच्या खांद्यावर आली.

ती गावाने कशी उचलली, याचा दाखला शिरोळ तालुक्यातील हेरवाड येथे मिळतो. करोनाच्या साथीत अनेक घरांतील कर्ते पुरुष गेले. पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढून घेणे हे प्रकार पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर घडू लागले. सरपंच सुरगोंडा पाटील यांच्या कारकीर्दीत, 4 मे 2022 रोजी, या प्रथा गावातून बंद करण्याचा ठराव हेरवाडने संमत केला. ठराव मांडणारी आणि त्यास अनुमोदन देणारी, दोघीही स्त्रियाच होत्या. अवघ्या 13 दिवसांत, 17 मे रोजी, राज्य शासनाने परिपत्रक काढून अन्य ग्रामपंचायतींनी हेरवाडचे अनुकरण करावे, असे सुचविले. एरवी परिपत्रके मुंबईहून गावाकडे येतात. येथे गावाचा विचार मुंबईला पोचला आणि परिपत्रक होऊन साऱ्या महाराष्ट्रात फिरला.

मात्र शिक्षकांनी हे उदाहरण सांगताना एक सावधगिरी बाळगावी. ठराव झाला म्हणजे प्रथा मेली, असे मुलांना सांगू नये. अशा ठरावामागे दंड नसतो, पोलीस नसतो. पुढच्या मृत्यूच्या वेळी घरातील वडीलधारी माणसे काय करतात, यावरच त्याची खरी परीक्षा होते. परंतु नको म्हणणाऱ्या सुनेला वा लेकीला आता गावाचा लेखी आधार मिळाला, ही गोष्टही लहान नव्हे.

ग्रामसभेची घडण शिकविताना गणिताचा उपयोग करून घ्यावा. वर्षातून किमान 4 सभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल, तितके मतदार हजर असावे लागतात. शाहूवाडी किंवा गगनबावडा तालुक्यातील 400 मतदारांच्या लहान गावाला 60 माणसे हवीत. पंचगंगेकाठच्या 4000 मतदारांच्या गावाला मात्र 100 पुरतात. मोठ्या गावात 40 मतदारांमागे एक आला तरी सभा भरते! हे गणित फळ्यावर मांडून, उरलेल्या 39 जणांचे म्हणणे सभेपुढे कसे येईल, असा प्रश्न मुलांना विचारावा. शिवाय गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा गणपूर्तीची अटच उरत नाही. तेव्हा न येणाऱ्यामुळे काम अडत नाही; ते त्याच्यावाचून होते, इतकेच. नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र महिला सभा घ्यावयाची असते, हेही मुलींना आवर्जून सांगावे; अनेक घरी ही गोष्ट ठाऊक नसते.

यानंतर वर्गातच सभा भरवावी. सूचना 7 दिवस आधी फळ्यावर लिहावी, एका मुलाने दवंडी द्यावी. विषय खरा घ्यावा. पाण्याच्या टाकीची स्वच्छता, शाळेच्या आवारातील झाडे, मधल्या सुट्टीतील खेळाच्या जागेची वाटणी, असे विषय मुलांच्या आवाक्यातील असतात. एकाने ठराव मांडावा, दुसऱ्याने अनुमोदन द्यावे आणि विरोध करणाऱ्यास पूर्ण बोलू द्यावे. शिक्षकाने आपले मत शेवटपर्यंत राखून ठेवावे. गुरुजींच्या चेहऱ्याकडे पाहून हात वर करण्याची सवय मुलांना फार लवकर लागते. संमत झालेला ठराव अमलात आला नाही, तर पुढच्या सभेत त्याचे कारण विचारण्याचा हक्कही मुलांना असावा, मग ते कारण मुख्याध्यापकांनाच द्यावे लागले तरी चालेल.

मुले जे वर्गात पाहतात, त्याची तुलना ती शाळेच्या कारभाराशी करणारच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. कित्येक ठिकाणी मात्र सभा भरते ती वहीतच. वही घरोघर फिरते, सह्या आणि अंगठे गोळा होतात. ज्या मातेचा अंगठा असा घेतला जातो, तिला आपण कशास संमती दिली हे कळत नाही आणि वही घेऊन जाणारा तिचाच मुलगा असतो. त्याने वर्गातील सभेपेक्षा हा धडा अधिक नीट पाठ केलेला असतो.

भांगलणीच्या दिवसांत भर दुपारी बोलाविलेल्या सभेला माता येत नाहीत, यात नवल नाही. सभा दिवेलागणीनंतर, वस्तीजवळच्या समाजमंदिरात घेता येते. मागील इतिवृत्त प्रथम मोठ्याने वाचावे. ते वाचण्याचे काम सातवीतील एखाद्या मुलीकडे सोपवावे आणि ज्या पालकाने सूचना मांडली असेल, त्याचे वा तिचे नाव इतिवृत्तात सूचनेसह लिहावे.